सिनॉप्सिस अडतो कुठे? वाणिज्य-व्यवस्थापनातील पीएचडीबद्दल वाचकांचे प्रश्न

पीएचडीच्या संशोधन आराखड्याबद्दल, म्हणजे सगळे ज्याला सिनॉप्सिस म्हणतात त्याबद्दल, आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या वेळी घेतले आहेत. मिळतीजुळती पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : माझा विषय 'पुणे जिल्ह्यातील सूक्ष्म व लघु उद्योगांच्या आर्थिक समस्यांचा चिकित्सक अभ्यास' असा होता. 'व्याप्ती फार मोठी, संशोधन समस्या अस्पष्ट' असा शेरा मारून समितीने तो परत पाठवला. जिल्ह्याऐवजी फक्त हवेली तालुका घेतला तर चालेल का? (सहायक प्राध्यापिका, भोसरी)

उत्तर : चालणार नाही. तालुका घेतल्याने प्रवासखर्च वाचेल, पण समितीची हरकत जिल्ह्याला नव्हतीच. ती 'आर्थिक समस्या' या दोन शब्दांना होती. त्यात खेळते भांडवल आले, तारण आले, जीएसटीचे अडकलेले क्रेडिट आले, मोठ्या ग्राहकाने रखडवलेली बिले आली. ही चार वेगळी संशोधने आहेत. शिवाय 'चिकित्सक अभ्यास' या शब्दांतून तुम्ही नेमके काय मोजणार हे कळत नाही. 'विशेष संदर्भात' या शेपटाचेही तेच. आपल्याकडच्या निम्म्या शीर्षकांना ते असते आणि काढून टाकले तरी कुणाचे काही अडत नाही.

यातली एकच समस्या उचलून पाहू, रखडलेली बिले. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास (एमएसएमईडी) कायद्याच्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही मासिक चक्रवाढीने, व्याज लागते. कायदा कडक आहे, पण ज्याच्या ऑर्डरवर कारखाना चालतो त्याच्याविरुद्ध तक्रार करायला कोण जाणार! मग २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये 'एच' हे पोटकलम घातले. मुदतीत न दिलेली रक्कम खर्च म्हणून वजा मिळेल ती प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी. ही तरतूद आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाली. म्हणजे उशिराचा चटका आता पुरवठादाराच्या तक्रारीवाचूनच ग्राहकाला बसू लागला.

आता प्रश्न आपोआप नेमका होतो : या तरतुदीनंतर लघु पुरवठादारांना बिलाचे पैसे मिळायला लागणारे दिवस कमी झाले का आणि किती? शिवाय हे पोटकलम मध्यम उद्योगांना लागू नाही. त्यामुळे त्याच वसाहतीतले, त्याच ग्राहकांना माल देणारे मध्यम पुरवठादार तुलनेला आयते मिळतात. दोन्ही गटांचे आधीचे आणि नंतरचे दिवस घ्यायचे, प्रत्येक गटातला फरक काढायचा आणि मग त्या दोन फरकांतला फरक पाहायचा. संख्याशास्त्रात ही जुनी, मान्य रीत आहे.

यात तीन खड्डे आहेत. आराखड्यात ते तुम्हीच दाखवा, समितीला शोधायला लावू नका. पहिला : काही ग्राहकांनी पुरवठादारांना उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) रद्द करायला सांगितल्याच्या तक्रारी तेव्हा झाल्या होत्या. म्हणून कोण लघु हे आजच्या नोंदणीवरून ठरवू नका. अर्थसंकल्प १ फेब्रुवारी २०२३ ला मांडला गेला, तेव्हा ३१ जानेवारी २०२३ ची स्थिती धरा. उद्यम प्रमाणपत्रावर नोंदणीचा दिनांक असतोच. दुसरा : १ एप्रिल २०२५ पासून व्याख्या बदलली. लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा ५० कोटींवरून १०० कोटी झाली आणि गुंतवणुकीची १० वरून २५ कोटी. काल मध्यम असलेला ७० कोटींचा कारखाना आज लघु झाला असू शकतो. म्हणून अभ्यासाचा काळ २०२१-२२ ते २०२४-२५ असा बांधून घ्या, दोन वर्षे आधीची आणि दोन नंतरची. तिसरा : व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरती. विलंबाच्या संरक्षणात ते येत नाहीत, म्हणून नमुन्यातून वगळा.

एवढे झाल्यावर शीर्षक लिहा. जिल्हा त्यात आपल्या जागी येईल.

प्रश्न : मी सनदी लेखापाल आहे. उशिरा मिळणाऱ्या पैशांवरच काम करायचे आहे, पण कारखान्यांच्या दारोदार हिंडायला वेळ नाही. कंपन्यांच्या ताळेबंदात लघु उद्योगांची देणी वेगळी दाखवावी लागतात. तेवढ्यावर प्रबंध उभा राहील का? (नाशिक)

उत्तर : उभा राहील, पण उत्तर चुकीचे यायची भीती मोठी आहे. ती कशी, हे सविस्तर सांगण्याजोगे आहे.

कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ मधील २०२१ च्या दुरुस्तीनंतर व्यापारी देण्यांचे वय दाखवणारा तक्ता ताळेबंदात येतो. त्यातले कप्पे मात्र १ वर्षापेक्षा कमी, १ ते २, २ ते ३ आणि ३ वर्षांहून जास्त असे आहेत. तुमचा प्रश्न ४५ दिवसांचा. ४० व्या दिवशीचे बिल आणि ३०० व्या दिवशीचे बिल एकाच कप्प्यात पडणार.

दुसरी अडचण याहून खोल आहे. ४३बी च्या या पोटकलमात चटका कधी बसतो? मुदत उलटली आणि पैसे पुढच्या आर्थिक वर्षात दिले तर. जूनचे बिल ४५ दिवसांऐवजी २०० दिवसांनी, पण मार्चच्या आत दिले तर वजावट त्याच वर्षी मिळते. मग हुशार ग्राहक काय करील? वर्षभर जुन्याच चालीने चालेल आणि मार्चमध्ये चेक काढेल. ३१ मार्चच्या ताळेबंदात देणी घटलेली दिसतील, तुम्ही 'तरतूद यशस्वी' असे लिहाल आणि पुरवठादार मात्र ऑगस्टमध्ये पूर्वीसारखाच ओव्हरड्राफ्टवर बसलेला असेल. ताळेबंद हा एका दिवसाचा फोटो आहे आणि त्या दिवशी सगळे नीटनेटके कपडे घालून येतात.

यातूनच चांगली परिकल्पना निघते : दिवस कमी झाले ते फक्त जानेवारी ते मार्चमध्ये मुदत संपणाऱ्या बिलांचे, एप्रिल ते डिसेंबरमधल्या बिलांचे नाही. ती खरी ठरो वा खोटी, दोन्ही उत्तरे छापण्याजोगी आहेत. आराखडा चांगला जमल्याची आमची खूण हीच.

त्यासाठी महिनावार बिले हवीत आणि ती पुरवठादाराच्या टॅलीत असतात. प्रत्येकाकडून तीन मोठ्या ग्राहकांची बिलवार खाती मागा. सहा रकाने पुरतात : ग्राहकाचा सांकेतिक क्रमांक, बिलाचा दिनांक, माल स्वीकारल्याचा दिनांक, रक्कम, पैसे जमा झाल्याचा दिनांक, कापलेली रक्कम. ४० पुरवठादार, प्रत्येकी ३ ग्राहक आणि ४८ महिने धरले तर महिन्याला एकच बिल असले तरी ५,७६० नोंदी होतात. आकडा भरघोस दिसतो, पण स्वतंत्र घटक ४०च आहेत. एका कारखान्याची बिले एकमेकांसारखी असतात, म्हणून प्रमाणत्रुटी (अंदाज किती हलू शकतो त्याचे माप) पुरवठादारनिहाय गट करून काढणार, हे वाक्य आराखड्यात हवेच. त्या ४० मध्ये १२-१५ तरी मध्यम उद्योग मिळतील याची आधी खात्री करा. तेवढे मिळत नसतील तर तुलनाच लंगडी.

घोडे पेंड खाते ते इथे : बऱ्याच ठिकाणी आलेली रक्कम बिलासमोर न लावता 'ऑन अकाउंट' टाकून ठेवलेली असते. मग कोणत्या बिलाचे पैसे कधी आले हे कळत नाही. 'जुने बिल आधी फिटले असे धरू' हा नियम आधीच लिहून ठेवा आणि अशा खात्यांशिवायही निष्कर्ष तपासणार असे नमूद करा. तसेच कायद्याचे दिवस बिलापासून नव्हे, माल स्वीकारल्यापासून मोजतात. तो दिनांक ग्राहकाच्या आवक पावतीवर असतो. पावती नसेल तर बिलाच्या तारखेत किती दिवस मिळवणार हे नमुन्याच्या काही पावत्या पाहून ठरवा. आराखडा लिहिण्याआधी तीन पुरवठादारांची खाती प्रत्यक्ष हातात घ्या. तीनही ठिकाणी दारावरूनच परत यावे लागले तर विषय बदलायची ती योग्य वेळ, दोन वर्षांनंतरची नव्हे.

जाता जाता : आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुन्या कलमाचा उल्लेख करताना १९६१ च्या कायद्याचे नाव सोबत लिहा.

प्रश्न : सोलापुरातील टेरी टॉवेल उत्पादकांची ६०० नावांची यादी मिळाली आहे. निर्यात करणारे आणि न करणारे यांच्या विपणन पद्धतींची तुलना करायची आहे. गाइड म्हणतात नमुना ३८४ चा घ्या, सगळे तोच घेतात. बरोबर आहे का? (सोलापूर)

उत्तर : सगळे घेतात हे खरे. ३८४ हा आकडा १९७० साली क्रेजसी आणि मॉर्गन यांनी दिलेल्या तक्त्यातून आपल्याकडे घराघरात पोचला. तो येतो १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५ भागिले ०.०५ चा वर्ग या हिशेबातून. हा आकडा फार मोठ्या समष्टीसाठी (ज्या सगळ्यांतून नमुना काढायचा त्यांच्यासाठी) आहे आणि एकच टक्केवारी अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत सांगायची असेल तेव्हाचा आहे. ६०० च्या यादीला त्याच सूत्राने सुमारे २३५ पुरतात.

पण २३५ येणार कुठून? कारखानदारांकडून १०० पैकी ३० प्रश्नावल्या भरून परत आल्या तरी बरे म्हणायचे. २३५ हव्यात तर सुमारे ७८३ वाटाव्या लागतील आणि तुमच्याकडे नावेच ६०० आहेत. म्हणजे नमुना निवडण्याचा प्रश्नच उरत नाही, सगळ्या ६०० जणांकडे जा. त्यातून १८० मिळाल्या तर चूक-मर्यादा ५ ऐवजी ६ टक्क्यांच्या जरा वर जाते, एवढेच. प्रामाणिकपणे तसे लिहा. त्याहून मोठी काळजी ही की ज्यांनी उत्तर दिले नाही ते वेगळे असतील का. यादीत मागांची संख्या असेल तर उत्तर देणारे आणि न देणारे यांची त्यावर तुलना करा. पहिल्या पंधरवड्यात आलेली उत्तरे आणि तीन स्मरणांनंतर आलेली उत्तरेही ताडून पाहा.

आणि मुळात तुम्हाला एक टक्केवारी सांगायचीच नाही, दोन गटांची तुलना करायची आहे. तिथे विचारायचे ते असे : किती फरक असला तर तो मला दिसायला हवा? दोन सरासरींत अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (प्रमाण विचलन म्हणजे उत्तरे सरासरीपासून किती पसरली आहेत त्याचे माप) फरक असेल आणि तो ८० टक्के खात्रीने, ५ टक्के पातळीवर पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात ६४ लागतात. फरक प्रमाण विचलनाच्या ०.२ इतका बारीक असेल तर प्रत्येकी सुमारे ३९४. हे हिशेब जी-पॉवर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटांत होतात. त्याचा निकाल परिशिष्टात जोडला की 'हाच आकडा का' हा प्रश्न समितीत येत नाही.

तुमच्या यादीत निर्यातदार समजा ४० आहेत. सरसकट यादृच्छिक पद्धतीने १८० काढले तर त्यात ते सरासरी १२ येतील आणि बारांच्या जिवावर तुलना होत नाही. म्हणून पाठपुरावा करून निर्यातदार सगळेच्या सगळे मिळवा, बाकीच्यांची येतील तेवढी उत्तरे घ्या. गाइडना हे दुखावल्याशिवाय सांगता येते. 'सर, ३८४ साठी यादीच पुरत नाही' असे म्हणून हिशेबाचा कागद पुढे करा.

प्रश्न : हिंजवडीतील आयटी कर्मचाऱ्यांची कामातील समरसता आणि नोकरी सोडण्याचा कल यांचा संबंध पाहायचा आहे. प्रमाणित प्रश्नावली इंग्रजीत आहे. सहायक कर्मचाऱ्यांसाठी ती मराठीत करायची आहे. (मनुष्यबळ व्यवस्थापक, पुणे)

उत्तर : समरसतेसाठी 'युट्रेक्ट वर्क एंगेजमेंट स्केल' ही मापनश्रेणी बहुधा तुमच्या मनात असेल. तिचे ९ विधानांचे रूप आहे, उत्तरे ० ते ६ अशी आणि बिगरव्यावसायिक संशोधनाला ती विनामूल्य आहे. मराठी करताना दोघांनी स्वतंत्र भाषांतर करायचे, मग एकत्र बसून एक मसुदा ठरवायचा आणि मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या तिसऱ्याने तो उलट इंग्रजीत न्यायचा. एवढे लोक करतात. राहते ते पुढचे : ज्यांच्यासाठी केली त्यांच्यातल्या ८-१० जणांना प्रश्न वाचायला देऊन 'याचा अर्थ तुम्ही काय घेतला?' असे विचारणे.

कारण गडबड बारीक असते. 'मला हे काम सोडावेसे वाटत नाही' या विधानाला 'असहमत' म्हणणाऱ्याला काम सोडायचे आहे की नाही? सही करण्याच्या घाईत निम्मे जण उलटे टिकमार्क करतील. अशी नकारार्थी विधाने मराठीत टाळा, 'हे काम सोडावे असे माझ्या मनात येते' असे सरळ करा. दुसरे म्हणजे मधला पर्याय. 'तटस्थ' म्हणणारा माणूस बाजू न घेणारा असतो आणि 'सांगता येत नाही' म्हणणाऱ्याला माहीत नसते किंवा सांगायचे नसते. दोघांना एकाच खुर्चीवर बसवू नका. वारंवारतेच्या श्रेणीत 'क्वचित', 'कधीकधी' आणि 'अधूनमधून' हे तीन शब्द एका ओळीत ठेवले तर कोणता जास्त हे कुणालाच नक्की सांगता येणार नाही. त्याऐवजी 'वर्षातून काही वेळा', 'महिन्यातून काही वेळा' असे लिहा. अल्फा (विधाने एकमेकांशी किती जुळतात हे सांगणारा विश्वासार्हतेचा आकडा) ०.७० च्या वर आला म्हणून हुरळूनही जाऊ नका. ०.९५ च्या वर गेला तर एकच विधान चार वेशांत विचारले आहे का ते पाहा.

मूळ आराखड्यातला दोष मात्र वेगळा आहे. समरसता आणि नोकरी सोडण्याचा कल ही दोन्ही उत्तरे एकच माणूस, एकाच बैठकीत, एकाच कागदावर देतो. त्या दिवशी त्याची साहेबांशी खडाजंगी झालेली असेल तर दोन्हींवर त्याचाच रंग चढतो आणि तुम्हाला झकास सहसंबंध मिळतो. म्हणून समरसता पहिल्या फेरीत विचारा आणि नोकरी सोडण्याचा कल ६ ते ८ आठवड्यांनी दुसऱ्या फेरीत. दोन फेऱ्या जुळवायला नाव न घेता खूण वापरता येते : आईच्या नावाचे पहिले अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस, मूळ गावाचे शेवटचे अक्षर. दुसऱ्या फेरीत गळती होणारच, तेव्हा पहिल्या फेरीचा आकडा त्या हिशेबाने वाढवून धरा. आणि तुम्ही ज्या कंपनीत मनुष्यबळ व्यवस्थापक आहात तिथलेच कर्मचारी घेऊ नका. 'नोकरी सोडणार का?' हे तुम्ही विचारल्यावर खरे कोण सांगेल?

प्रश्न : कोल्हापुरातील फाउंड्री उद्योगात पुढच्या पिढीकडे कारभार कसा जातो यावर मुलाखतींतून काम करायचे आहे. समिती म्हणते परिकल्पना नाही तर संशोधन नाही. (इचलकरंजी)

उत्तर : आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठी प्रबंधांत 'गृहीतक' हा शब्द दोन अर्थांनी येतो : आपण मानून चाललेली गोष्ट आणि आपण तपासणार असलेले विधान. दुसऱ्यासाठी 'परिकल्पना' किंवा 'अभ्युपगम' वापरा, म्हणजे समितीशी निम्मा वाद संपेल.

'कसा' आणि 'का' असे विचारणाऱ्या अभ्यासाला संख्याशास्त्रीय परिकल्पना लागत नाही. तिची जागा रिकामी दिसली की मात्र समिती बिथरते, म्हणून तिथे तीन-चार संशोधन प्रश्न आणि त्यांमागची तात्पुरती विधाने मांडा. उदाहरणार्थ : 'बँकेच्या कागदांवर सही करण्याचा अधिकार आणि कास्टिंगचा भाव ठरवण्याचा अधिकार वेगवेगळ्या वेळी हस्तांतरित होतो.' हे पडताळता येते. 'कौटुंबिक मूल्यांचा वारशावर प्रभाव पडतो' हे पडताळता येत नाही.

उद्योग किती? उदाहरणाधिष्ठित संशोधनावरच्या १९८९ च्या गाजलेल्या लेखात कॅथलीन आयझेनहार्ट यांनी ४ ते १० उदाहरणे सहसा पुरतात असे म्हटले आहे. '१२ मुलाखतींत संपृक्तता येते', म्हणजे पुढच्या मुलाखतींतून नवे काही मिळत नाही, हे वाक्यही सर्रास चिकटवले जाते. ते ज्या २००६ च्या अभ्यासातून आले तो घाना आणि नायजेरियातील महिलांच्या ६० मुलाखतींवरचा होता, गट बराच एकजिनसी होता. फाउंड्रीतले वडील, मुलगा किंवा मुलगी, जुना व्यवस्थापक आणि घरचा सीए हे एकजिनसी नव्हेत. पाच उद्योग आणि प्रत्येकी हे चौघे धरले तर २० मुलाखती होतात. तासाभराची मुलाखत लिहून काढायला चार ते सहा तास जातात, म्हणजे फक्त उतरवून घेण्याचे सुमारे १०० तास. ते वेळापत्रकात दिसू द्या. उद्योग निवडताना कारभार सुरळीत गेलेले आणि फाटाफूट झालेले असे दोन्ही घ्या. फाटाफूट झालेल्या घरात दोन्ही भावांना भेटल्याखेरीज ते उदाहरण पूर्ण धरू नका.

प्रश्न : गाइडनी ५० संदर्भांचा साहित्य आढावा मागितला आहे. मी १२० लेखांचे सारांश लिहिले, तरी 'संशोधनातील पोकळी दिसत नाही' असा शेरा आला. एआय वापरून आढावा केला तर पकडले जाते का? (नांदेड)

उत्तर : 'अमुक यांनी २०१५ मध्ये अभ्यास केला, तमुक यांनी २०१७ मध्ये अभ्यास केला' अशी १२० परिच्छेदांची मालगाडी लावली की डबे मोजता येतात, गाडी कुठे चालली ते कळत नाही. एक तक्ता करा. आडव्या ओळीत लेख, उभ्या रकान्यांत : प्रश्न, कुठला डेटा, कोणता काळ, काय मोजले, निष्कर्ष, कशाने फसू शकतो. शेवटचा रकाना वरून खाली वाचत या. तिथे एकच उणीव सात-आठ वेळा दिसली की पोकळी सापडली. 'नांदेड जिल्ह्यात असा अभ्यास झालेला नाही' ही पोकळी होत नाही. नांदेडात वेगळे उत्तर का येईल याचे कारण देता आले तरच ती होते.

इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांच्या केंद्राच्या शोधगंगा या संकेतस्थळावर मान्य झालेले प्रबंध आहेत आणि शोधगंगोत्रीवर मंजूर आराखडे. दुसरी जागा लोक पाहतच नाहीत. आपल्यासारखेच काम कुणी सुरू केले आहे का ते तिथे कळण्याची शक्यता असते.

इतरांच्या मजकुराशी साम्याबद्दल, म्हणजे उचलेगिरीच्या तपासणीबद्दल : यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. श्रेय देऊन केलेली अवतरणे, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर, सूत्रे आणि सलग १४ शब्दांपर्यंतची सर्वसामान्य शब्दरचना मोजणीतून वगळायची असते. एआयचा खरा धोका टक्केवारीतला नव्हे. ते अस्तित्वात नसलेले लेख अगदी खऱ्यासारखे रचून देते, खंड आणि पानांसह. समितीतल्या एकाने एक संदर्भ मागितला आणि तो निघालाच नाही, तर उरलेल्या ११९ वर कुणी विश्वास ठेवत नाही. प्रत्येक लेख स्वतः उघडून पाहिला असेल तरच यादीत ठेवा.

प्रश्न : बँकेत नोकरी करून अर्धवेळ पीएचडी करायची आहे. किती वर्षे लागतात, आराखडा किती पानांचा हवा आणि परदेशी संस्थेची ऑनलाइन पीएचडी सोपी पडेल का? (मडगाव आणि दुबईहून आलेली दोन पत्रे)

उत्तर : ऑनलाइनचे आधी. शैक्षणिक तंत्रज्ञान कंपन्या परदेशी संस्थांच्या नावे देत असलेल्या ऑनलाइन पीएचडींना मान्यता नाही, असा इशारा यूजीसी आणि एआयसीटीईने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला आहे. भारतात प्राध्यापक व्हायचे असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

अर्धवेळ पीएचडीला यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत परवानगी आहे. कार्यालयाचे ना-हरकत पत्र लागते. कोर्सवर्क १२ श्रेयांकांपासून, एकूण काळ किमान ३ आणि कमाल ६ वर्षे. पुनर्नोंदणीने आणखी २ मिळतात आणि महिलांना व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर २. दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. बदलीची नोकरी असेल तर हेच जड जाते, म्हणून ना-हरकत पत्रातच या सादरीकरणांसाठी लागणाऱ्या रजेचा उल्लेख करून घ्या. प्राध्यापकाकडे ८, सहयोगीकडे ६ आणि सहायकाकडे ४ विद्यार्थी एवढीच जागा असते. निवृत्तीला ३ वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, तेव्हा गाइडची जन्मतारीख विचारायला लाजू नका. प्रवेश परीक्षा आणि नेटचे गुण यांबाबत विद्यापीठागणिक पद्धत वेगळी आहे. ती आणि प्रबंधाच्या भाषेचे कलम विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पाहा.

पानांची मर्यादा विद्यापीठाने दिली असेल ती पाळा. दिली नसेल तर १५ पाने पुष्कळ झाली. प्रस्तावना दीड पान, प्रश्न आणि उद्दिष्टे एक, आढावा पाच, पद्धती पाच, बाकीच्यात प्रकरणे, मर्यादा आणि वेळापत्रक. आमच्याकडे येणाऱ्या मसुद्यांत हे नेमके उलटे असते : भारतीय बँकिंगचा इतिहास सहा पाने आणि पद्धती पाऊण पान. उद्दिष्टे तीन किंवा चार ठेवा. प्रत्येकासमोर कोणता डेटा, कोणते विश्लेषण आणि कोणते प्रकरण हे एका ओळीत लिहा. जिथे ओळ भरता येत नाही ते उद्दिष्ट खोडा.

वेळापत्रकात 'डेटा संकलन : ६ महिने' एवढेच लिहू नका, महिने लिहा. बँका आणि कारखान्यांत मार्च-एप्रिलला तुमच्याकडे पाहायला कुणाला फुरसत नसते. सप्टेंबरअखेरपर्यंत कर-लेखापरीक्षण, मध्येच गणपती, लागून दिवाळी. हाती राहतात जून-जुलै आणि दिवाळीनंतरपासून जानेवारीपर्यंतचे आठवडे. क्षेत्रकाम तिथेच बसवा आणि कोर्सवर्कची परीक्षा त्यात आडवी येत नाही ना, ते विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी ताडून पाहा.